चालून घडलेलं बदक

बदक म्हटलं की रुंद बुडाचं, आडव्या अंगाचं, डुलत चालणारं पाखरू डोळ्यांपुढे येतं. इंडियन रनर तसं नाही. ते उभं असतं. मान सरळ वर, खांदे जवळजवळ नाहीतच, पाय पार मागे. बाटलीला डोकं आणि दोन पाय फुटावेत तसं. एरवी अंग जरा पुढे कललेलं, पण दचकलं की एकदम ताठ. चालीत डुलणं नाही, ते धावतं. आणि एकटं नाही, सगळा कळप एका दमात डावीकडे, एका दमात उजवीकडे.

नावात इंडियन असलं तरी ते भारताचं नव्हे. जावा, बाली, लोंबोक ही त्याची बेटं. युरोपीय लोक त्या सगळ्या मुलखाला ईस्ट इंडीज म्हणत. भातकापणी झाली की तिथला राखणदार कळप हाकत खाचरात नेतो. सांडलेलं धान, गोगलगायी, किडे, सगळं बदकांच्या पोटात जातं. राखणदाराच्या हातात टोकाला चिंधी बांधलेला लांब बांबू असतो. तो रोवला की बदकं त्याच्या आसपासच चरतात आणि संध्याकाळी पुन्हा रांगेनं घरी. अशी पायपीट पिढ्यान्‌पिढ्या झाली. मागे रेंगाळणारं बदक कुणाला हवं असणार? चालणारी टिकली, त्यांचीच वीण वाढली. या उभेपणाचं मूळ मला तरी राजवाड्याच्या हौसेत नाही, या रोजच्या वाटेत दिसतं. उडणं सुटलंच, खुडूक बसण्याची ओढही बहुतेक मावळली. मादी असेल तिथे अंडं टाकून पुढे जाते.

निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५६ मध्ये लोंबोकला गेला, तेव्हा पेंग्विनसारखी ताठ चालणारी ही बदकं त्याला दिसली. भाताच्या गलबतांवरचे खलाशी ती स्वस्तात घेऊन खात आणि त्यांना 'बालीचे शिपाई' म्हणत, असं त्यानं लिहून ठेवलं. डार्विननं १८६८ च्या ग्रंथात या जातीच्या मांडीचं आणि पायाचं हाड लांबलेलं असल्याचं नोंदवलं; मात्र मूळ पूर्वज रानटी मॅलार्ड बदकच, हे त्याचं म्हणणं.

एकोणिसाव्या शतकात कुणा जहाजाच्या कप्तानानं ही बदकं इंग्लंडच्या कंबरलंडमध्ये आणली, असं सांगतात. तिथल्या शेतकऱ्यांना डौलाशी देणंघेणं नव्हतं, त्यांना अंडी हवी होती, आणि ती भरपूर मिळाली. पुढे ग्लॉस्टरशरमधल्या उली गावच्या ॲडेल कॅम्पबेल बाईंनी रनरचा संकर रूआँ जातीच्या बदकाशी आणि मॅलार्डशी केला, आणि १८९८ मध्ये नवं बदक लोकांपुढे आलं. नंतर त्यांना पिवळसर रंग हवा होता, निघाला मातकट. तेव्हा ब्रिटिश सैनिकांच्या अंगावर तोच रंग होता, म्हणून नाव पडलं खाकी कॅम्पबेल.

हे नाव आपल्याकडच्या बदकपालकांना नवं नाही. बंगळुरूजवळ हेसरघट्टा इथल्या केंद्रीय प्रक्षेत्रावर ही जात जोपासली गेली. चांगली मादी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. पण आजीचा गुण इथंही उतरलाय: ती अंड्यांवर बसत नाही. त्यामुळे घरगुती पाळणारे अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात आणि कोंबडीच्या पिल्लांना लागतात त्यापेक्षा आठवडाभर जास्त, म्हणजे २८ दिवस वाट बघतात.