मंडळी सोडल्यानंतर : बालगंधर्वांचा पुढचा प्रवास

कामगार संघटनेत उभे आयुष्य काढलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत एका गायक नटावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. बालगंधर्वांच्या गाण्याची थोरवी सांगण्याचा आमचा अधिकार नाही. ते काम जाणकारांनी केले आहे आणि पुढेही करतील. आम्हांस या कथेत दुसरेच काही दिसते. नावारूपास आलेली संस्था सोडून तिचा मुख्य गायक बाहेर पडतो, स्वतःची संस्था काढतो, आणि मग त्याचे, त्याच्या सोबत्यांचे व मागे राहिलेल्यांचे काय होते, हा प्रश्न गिरणीत, कारखान्यात व सहकारी संस्थेत आम्ही रोज पाहतो. तोच प्रश्न रंगभूमीवर शंभर वर्षांपूर्वी कसा उभा राहिला, ते पाहू.

किर्लोस्कर नाटक मंडळी १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी उभी केली. अण्णासाहेब १८८५ साली गेले, मंडळी मात्र टिकली. भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजाने तिने महाराष्ट्र वेडा केला. भाऊराव १९०१ साली वारले तेव्हा मंडळीचे पाय लटपटले. त्या काळी नाटक मंडळी म्हणजे एक फिरते गावच असे. नट, गवई, तबलजी, पडदे ओढणारे, कपडेपट सांभाळणारे, आचारी, पाणके, असा सारा लवाजमा एका बिऱ्हाडात राही आणि एका पंगतीत जेवे. सामानसुमान रेल्वेने या शहरातून त्या शहरात जाई. आपल्या नांदेडला १९०० साली गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली आणि लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पोचली. रेल्वे आणि संगीत नाटक यांचा भरभराटीचा काळ बराचसा एकच आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अशा या मंडळीत १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा आला. जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटले, ही हकीगत सर्वश्रुत आहे. छत्रपती शाहू महाराजांनी त्याला आश्रय दिला आणि त्याच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेच्या मिशन इस्पितळात उपचार करविले. शाकुंतलात तो उभा राहिला आणि भाऊरावांची रिकामी जागा भरून निघाली.

पुढची सहा-सात वर्षे मंडळीची भरभराट होत गेली. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची पहिली मुलगी वारली आणि तरीही ते भामिनीची भूमिका करण्यास उभे राहिले. ही गोष्ट कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगतात, आणि ती निष्ठा खरीच आहे. पण आमच्यासारख्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या रात्री पडदा वर गेला नसता, तर एवढ्या मोठ्या बिऱ्हाडाची चूल कशी पेटायची? एका माणसाच्या गळ्यावर सर्वांचे पोट अवलंबून असले म्हणजे त्या माणसाला दुःख करण्याचीही सवड मिळत नाही. मंडळीचा आधार आणि मंडळीचा कैदी, या दोन्ही भूमिका एकाच नटाला कराव्या लागतात.

त्याच वर्षी मंडळीचे कर्ते पुरुष नानासाहेब जोगळेकर वारले. कारभार शंकरराव मुजुमदारांकडे राहिला. ज्याच्या नावावर तिकिटे खपतात त्याचा कारभारात शब्द किती, हा वाद मग धुमसू लागला. अखेर १९१३ च्या जुलैत बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे बाहेर पडले व त्यांनी 'गंधर्व नाटक मंडळी' स्थापन केली.

येथे थोडे थांबावयास हवे. या तिघांची तक्रार खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. कष्ट एकाचे आणि मालकी दुसऱ्याची, ही तक्रार जगातील सर्व कामगारांची आहे. पण नव्या मंडळीचे नाव पाहा. तिघांनी मिळून काढलेल्या घराच्या दारावर पाटी एकाचीच लागली. प्रेक्षकांच्या दृष्टीने ते साहजिक होते, कारण त्या नावालाच गर्दी होत होती. परंतु पाटीवर जे लिहिले जाते ते हळूहळू व्यवहारातही उतरते. थोड्याच वर्षांत टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज मंडळी काढली. पुढे बोडसही गेले. भागीदारीतून निघालेली संस्था अशा रीतीने एकट्या बालगंधर्वांची झाली. मालकीविरुद्ध बाहेर पडलेला माणूस स्वतःच मालक होतो, आणि बहुधा त्याला ते कळतही नाही.

तरीही जे वैभव त्या मंडळीने दाखविले, त्याला तोड नाही. १९१६ साली 'स्वयंवर' आले. भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी घराण्याचे गाणे दरबारातून व मैफलीतून निघून तिकीट काढणाऱ्या सामान्य माणसाच्या कानी पडले. आमच्या मते बालगंधर्वांचे हे सर्वांत मोठे लोककार्य होय. ज्याला ख्याल आणि ठुमरी यांतला भेद ठाऊक नव्हता, तो कारकून आणि तो कारागीर नाट्यपद गुणगुणत घरी जाऊ लागला. २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. नाटककार गडकरी त्याआधी महिनाभरच निवर्तले होते. दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारातील सिंधू, ठिगळाच्या लुगड्यात जात्यावर बसलेली, बालगंधर्वांनी उभी केली. कामगार वस्तीत ज्याने काम केले आहे त्याला ती सिंधू अपरिचित वाटणार नाही. अशा किती सिंधू आम्ही पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात नवऱ्याची वाट पाहत उभ्या असलेल्या पाहिल्या आहेत!

साथीला अहमदजान थिरकवांसारखे तबलावादक व कादरबक्षांसारखे सारंगिये होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. स्टेजवर खरे भरजरी शालू, खरे गालिचे, प्रेक्षागृहात अत्तराचा दरवळ. बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालू लागल्या. पण या थाटाचा हिशेब कोणी ठेवीत होते काय? 'द्रौपदी' नाटकाच्या देखाव्यांवर वारेमाप पैसा ओतला गेला आणि १९२१ च्या सुमारास मंडळीच्या डोक्यावर लाखाच्या वर कर्ज असल्याचे उघडकीस आले. चाहत्यांनी वर्गणी गोळा करून कर्ज फेडण्याची तयारी दाखविली. बालगंधर्वांनी ती नाकारली आणि प्रयोगांच्या उत्पन्नातून कर्ज फेडण्याचे अंगावर घेतले. पुढची सहा-सात वर्षे ते गातच राहिले आणि कर्ज फेडले. हा बाणा वंदनीय आहे. पण ज्या संस्थेत खर्चाला 'नको' म्हणणारा भागीदार उरलेला नाही, तेथे मालकाचा दिलदारपणाही संस्थेच्या मुळावर येतो, हेही तितकेच खरे.

त्याच सुमारास एक सोन्याचा दिवस उगवला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धनी एका रंगमंचावर उभे राहिले. केशवरावांची गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. तेही लहानपणापासून स्वदेश हितचिंतक मंडळीत गात होते. ती सोडून १९०८ साली हुबळीस त्यांनी स्वतःची मंडळी काढली, पण तिला स्वतःचे नाव न देता 'ललितकलादर्श' असे नाव दिले. संयुक्त प्रयोगानंतर तीनच महिन्यांत, १९२१ च्या ऑक्टोबरात, केशवराव ऐन तारुण्यात वारले. मंडळी मात्र बापूराव पेंढारकरांनी चालविली आणि त्यांच्यामागे भालचंद्र पेंढारकरांनी. संस्थापक गेल्यावरही संस्था कित्येक दशके जगली.

तिसरे उदाहरण मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे. बालगंधर्व गेल्यावर किर्लोस्कर मंडळीने या कोवळ्या मुलाला आणले. १९१८ साली तोही चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडला आणि 'बळवंत संगीत मंडळी' निघाली. पाच वर्षांत दोन गायक गमावलेली किर्लोस्कर मंडळी पुन्हा पूर्वीच्या तोलावर उभी राहिली नाही. बळवंतनेही पुढे चित्रपटाच्या धंद्यात उडी घेतली, त्यात ती बुडाली, आणि दीनानाथ १९४२ साली वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी गेले.

कारण आता वारे फिरले होते. १९३१ साली बोलपट आला, १९३२ साली मराठीही बोलू लागला. गिरणीत नवे यंत्र आले म्हणजे जुन्या कसबी कामगाराचे जे होते, तेच नाटक मंडळ्यांचे झाले. १९३३ साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. बालगंधर्व तेव्हा पंचेचाळिशीत होते. त्यांनी प्रभात कंपनीशी करार केला आणि १९३५ साली शांतारामबापूंच्या 'धर्मात्मा'त पुरुष भूमिका केली. ती भूमिका आपल्या पैठणच्या एकनाथांची होती, याचे आम्हां मराठवाड्याच्या लोकांस अगत्य वाटावे. अस्पृश्याच्या घरी पंगतीस बसणारे एकनाथ त्या चित्रपटात आहेत. त्याचे 'महात्मा' हे मूळ नाव सरकारी नियंत्रकांनी चालू दिले नाही. परंतु कॅमेऱ्यापुढे समोर रसिक नव्हते, वन्समोअर नव्हता. तुकड्या-तुकड्यांनी काम करणे त्या जिवाला मानवले नाही आणि एका चित्रपटावर करार संपला. पुढे बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त ते दिसले, तोही प्रयत्नच ठरला.

मग पुन्हा रंगभूमी. १९३८ साली गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. १९४० साली पत्नी लक्ष्मीबाई वारल्या आणि १९५१ साली बालगंधर्वांनी गोहरबाईंशी विवाह केला. ऱ्हासाचे सारे खापर त्या बाईंच्या माथी फोडण्याची आपल्याकडे चाल पडली. हे न्यायाचे नाही. पुरुषाने केलेल्या स्त्रीवर प्राण ओवाळणाऱ्या समाजाला, त्याच ढंगाने गाणारी खरी स्त्री, तीही मुसलमान, रुचली नाही. उतारवयात पायांनी दगा दिलेल्या त्या नटाची सेवा गोहरबाईंनीच केली. त्या १९६४ साली वारल्या. त्याच वर्षी सरकारने बालगंधर्वांना पद्मभूषण दिले. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या नावाचे पुण्याचे रंगमंदिर १९६८ साली, ते गेल्यानंतर, उघडले. कीर्तीला इमारत मिळाली, पण हयातीतली अखेरची वर्षे ओढगस्तीतच गेली.

यातून आम्ही काय घ्यावे? बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळी सोडावयास नको होती काय? तसे आम्ही म्हणत नाही. ते बाहेर पडले नसते, तर 'स्वयंवर' आणि 'एकच प्याला' आपण ज्या रूपात ओळखतो त्या रूपात झाले नसते. बाहेर पडण्याचा हक्क प्रत्येक कष्टकऱ्याला आहे, मग तो कष्ट हाताचा असो वा गळ्याचा. प्रश्न त्यापुढचा आहे. बाहेर पडून आपण काय बांधतो, आपल्या नावाची कमान की दुसऱ्यालाही चालविता येईल असे घर? ललितकलादर्शाने घर बांधले. गंधर्व मंडळीने जे दिले ते अपूर्व होते, पण ते एका गळ्यात राहिले आणि त्या गळ्याबरोबर थकले. आणि पडदा ओढणारे, कपडेपट सांभाळणारे, पंगतीत वाढणारे जे हात, त्यांची नावे कोणत्याही मंडळीच्या पाटीवर आली नाहीत.

आजही आपल्या शहरांत नाटक येते, जलसा होतो. पुढच्या वेळी टाळ्या वाजविताना पडद्यामागच्या त्या हातांची आपणांस आठवण झाली आणि त्यांच्या रोजमजुरीची, म्हातारपणाची चौकशी कोणी केली, तर आमचे बोलणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.