रसायनानुचलन
परिसरातील रासायनिक पदार्थांच्या रोखाने किंवा त्यांपासून दूर होणारी पेशींची हालचाल. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म फेफर यांनी १८८० च्या दशकात केशनलिकांचा वापर करून तिचा पद्धतशीर अभ्यास केला.

एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील जीवाणूत ही यंत्रणा सर्वांत तपशिलाने उलगडली आहे. जेमतेम २ मायक्रोमीटर लांबीच्या या जीवाला आपल्या दोन टोकांशी असलेल्या सांद्रतेतील फरक पुरेसा कळत नाही. म्हणून तो जागांची नव्हे, क्षणांची तुलना करतो. त्याच्या कशाभिका (पोहण्याचे चाबकासारखे तंतू) घड्याळाच्या उलट दिशेने फिरल्या की त्यांची जुडी बनते आणि तो सुमारे सेकंदभर सरळ पोहतो. काही कशाभिकांची दिशा बदलली की जुडी सुटते, जीवाणू क्षणभर गटांगळी खातो आणि भलत्याच दिशेला लागतो. चव सुधारत असेल तर गटांगळ्या लांबणीवर पडतात. सुकाणू असा नाहीच. तरीही तो अन्नापाशी पोहोचतो. हे पोहणे हॉवर्ड बर्ग यांनी १९७२ मध्ये खास सूक्ष्मदर्शकाने टिपले.

ग्राही प्रथिनांना सेरीन किंवा ॲस्पार्टेट चिकटले की त्यांना जोडलेले एंझाइम मंदावते, फॉस्फेटयुक्त निरोप्या प्रथिन घटते आणि कशाभिकांच्या मोटरी उलटत नाहीत. ग्राहींवर हळूहळू चढणारे मिथिल गट ही जीवाणूची अल्पकालीन स्मृती. ज्यूलियस ॲडलर यांनी दाखवले, की पचवता न येणारे काही पदार्थही जीवाणूला ओढतात. म्हणजे त्याला पोषण नव्हे, रेणूच जाणवतो.

डिक्टिओस्टेलियम या श्लेष्मकवकाच्या उपाशी अमीबासदृश पेशी मात्र चक्रीय एएमपी हा रासायनिक पदार्थ सोडून एकमेकींना बोलावतात आणि हजारोंनी एकत्र येतात.