ऑब्जेक्ट.कीज: साडेचौदा वर्षं उशिरा

1995 च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्ट उभी केली. वारशाची पद्धत त्यांनी सेल्फ या भाषेतून उचलली: ऑब्जेक्टकडे एखादी गोष्ट सापडली नाही, तर त्याच्या प्रोटोटाइपकडे बघायचं. कल्पना झकास. पण ऑब्जेक्टच्या कीज, म्हणजे त्यातल्या गोष्टींची नावं, फिरून पाहायला दिलेलं फॉर-इन लूपही तसंच वर चढत जायचं आणि स्वतःचं, वडिलोपार्जित सगळं एकाच दावणीला बांधून आणायचं.

भाषेतल्या अंगभूत मेथड्स या लूपला दिसत नाहीत, म्हणून बरेच दिवस हे खपून गेलं. कुणी मूळ प्रोटोटाइपवर आपलं काही चिकटवलं, की पंचाईत. ऑब्जेक्टमध्ये ‘नाव’ आणि ‘गाव’ अशा दोनच कीज; लूप काढणार तीन! 2005 मधल्या प्रोटोटाइप लायब्ररीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी नेमका हाच उद्योग केला होता.

उतारा भाषेच्या प्रमाणाच्या डिसेंबर 1999 च्या तिसऱ्या आवृत्तीतच आला होता: की ऑब्जेक्टची स्वतःची आहे का, हे सांगणारी हॅज-ओन-प्रॉपर्टी ही मेथड. पण ती तपासणी प्रत्येक लूपमध्ये हाताने लिहायची. शिवाय ही मेथड सहसा ऑब्जेक्टमार्फतच बोलवायची, त्यामुळे डेटात त्याच नावाची की आली की खेळ खलास. त्यात इंटरनेट एक्सप्लोररचा आठव्या आवृत्तीपर्यंतचा निराळाच दोष: ‘टू-स्ट्रिंग’ नावाची की तुम्ही स्वतः ठेवलीत, तरी लूप ती गाळायचं.

डिसेंबर 2009 मध्ये, प्रमाणाच्या पाचव्या आवृत्तीत, ऑब्जेक्ट.कीज आलं. ऑब्जेक्ट द्या, त्याच्या स्वतःच्या, मोजणीत धरायच्या कीजचा अ‍ॅरे घ्या. शहाणपणा असा, की ही मेथड प्रत्येक ऑब्जेक्टवर न लादता बाहेर ठेवली. तुमच्या डेटात ‘कीज’ नावाची की असली तरी बिघडत नाही. हॅज-ओन-प्रॉपर्टीला असा सुटसुटीत पर्याय, ऑब्जेक्ट.हॅज-ओन, थेट 2022 मध्ये मिळाला.

क्रमाचं घोंगडं मात्र भिजत राहिलं. ‘10’, ‘नाव’, ‘2’ अशा क्रमाने कीज टाकल्या तर आज ‘2’, ‘10’, ‘नाव’ असं उत्तर येतं: आधी पूर्णांक चढत्या क्रमाने, मग बाकीच्या टाकल्या तशा. ब्राउझर हे आधीपासून बहुतांशी पाळत होते, ऑब्जेक्ट.कीजसाठी प्रमाणात ते पक्कं झालं 2020 मध्ये. म्हणून यादीचा क्रम महत्त्वाचा असेल आणि कीज आकडी असतील, तर साधं ऑब्जेक्ट वापरू नका, टाकल्याचा क्रम राखणारा मॅप घ्या.