विंग फॉइलिंग शिकताय? आधी लीशचं गणित समजून घ्या

हातात हवा भरलेला विंग, पायाखाली बोर्ड आणि बोर्डाखाली पाण्यात फॉइल, म्हणजे विंग फॉइलिंग. यात दोन लीश, म्हणजे सुरक्षा दोऱ्या, लागतात.

विंगची लीश: मनगटाला किंवा कमरेला बांधतात. मनगटाची लावायला सोपी. पण दिशा बदलताना विंग एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावा लागतो, तेव्हा ती आड येऊ शकते. कमरेच्या लीशमुळे हात मोकळे राहतात.

बोर्डची लीश: पायाला किंवा कमरेला बांधतात. स्प्रिंगसारखी कॉइल लीश पाण्यात कमी लोंबते, त्यामुळे फॉइलला अडकण्याची शक्यता कमी होते. फार आखूड मात्र नको. पडल्यावर ताणलेली लीश बोर्ड तुमच्याकडेच खेचते आणि फॉइलच्या कडा धारदार असतात. म्हणून हेल्मेट हवंच.

पडल्यावर: डोकं हाताने झाकून वर या. आधी फॉइल कुठे आहे ते बघा, मग पायात दोरी गुंतली आहे का ते तपासा.

उतरण्याआधी: वेल्क्रो, गाठी आणि झिजलेले भाग तपासा. नंतर लीश गोड्या पाण्याने धुवा.

लीश तुटून बोर्ड वाऱ्याने लांब गेला, तर पोहत त्याच्या मागे लागू नका. हातातला विंग तरंगतो, तो सोडू नका.