कॉलेज गेमडे

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलच्या सामन्यांपूर्वी, सामन्याच्याच गावी मंच उभारून थेट दाखवला जाणारा दूरचित्रवाणी कार्यक्रम. ईएसपीएन ही क्रीडावाहिनी तो १९८७ पासून सादर करते. हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, वार शनिवार, वेळ तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने सकाळी ९ ते दुपारी १२. तो सुरू होतो तेव्हा तळोद्यात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे तासभर मागे घेतली की साडेसात.

तळोदा, अक्कलकुवा, धडगाव भागातल्या वाचकाला हा प्रकार समजायला भोंगऱ्या बाजार आठवला तरी पुरे. होळीच्या आदल्या आठवड्यात ज्या गावचा आठवडे बाजार ज्या वारी, त्या वारी तिथे भोंगऱ्या भरतो. होळी पेटायची असते, पण ढोल बाहेर निघालेले असतात, पाड्यापाड्यांवरचे जथे एकसारख्या रंगाचे कपडे घालून नाचत उतरतात आणि दाळ्या, गूळ, साखरेचे हार-कडे यांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नसते. आज हे गाव, उद्या ते. सण पुढे आहे, गर्दी आधीच जमली आहे आणि ती गावोगाव सरकते आहे. गेमडेही असाच सरकतो. फक्त तो आठवड्यातून एकदाच भरतो आणि त्याच्यासोबत कॅमेरे असतात.

तिथला फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचा किंवा पुढे फेकायचा, समोरच्या ११ जणांनी आडवे पाडायच्या आत शक्य तितके यार्ड मारायचे, असा तो अंगावर येणारा खेळ आहे. रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत १८६९ साली झालेला सामना हा त्याचा पहिला विद्यापीठीय सामना मानतात. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला खेळाडूंचे मित्र आणि क्रीडाशिक्षक सोडले तर कोणी फिरकत नाही. तिथे मिशिगन विद्यापीठाच्या एकट्या मैदानात १,०७,६०१ प्रेक्षक बसतात. कारण सोपे आहे. अनेक विद्यापीठे तालुक्याच्या गावाएवढ्या वस्तीत आहेत आणि जवळपास व्यावसायिक संघ नाही. त्यामुळे त्या विद्यापीठात शिकलेला, न शिकलेला, दुकानदार, शेतकरी असा सगळा मुलूख तोच संघ आपला मानतो. शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी मुलांनाही नियम कळण्याआधी विद्यापीठाच्या रंगाचा सदरा घ्यावा लागतो. त्याशिवाय शनिवारी बाहेर पडले की परके वाटते.

कार्यक्रमाची सुरुवात मात्र चारचौघांसारखी झाली. कनेक्टिकट राज्यातील ब्रिस्टल येथील ईएसपीएनच्या स्टुडिओत टेबलामागे तिघे बसत : सूत्रधार टिम ब्रँडो, माजी प्रशिक्षक ली कॉर्सो आणि जुना जाणकार बीनो कुक. निकाल, अंदाज, थोडी थट्टा, एवढाच ऐवज. १९९० पासून ख्रिस फाउलर सूत्रधार झाला. पुढे १३ नोव्हेंबर १९९३ रोजी इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे पहिल्या क्रमांकाचा फ्लोरिडा स्टेट आणि दुसऱ्या क्रमांकाचा नोत्र दाम असा सामना ठरला, तेव्हा वाहिनीने मंडळींना टेबलासकट तिथेच नेले. नोत्र दामने सामना ३१–२४ असा जिंकला. वाहिनीला त्या दिवशी मिळालेली शिकवण वेगळीच होती. जाणकारांच्या पाठीमागे माणसे ओरडू लागली की तेच जुने बोलणे ऐकावेसे वाटते. पुढच्या काही वर्षांत स्टुडिओ मागे पडला आणि रस्ता हेच कार्यक्रमाचे घर झाले.

आठवड्याचा क्रम असा. शनिवारचे सामने आटोपले की पुढच्या शनिवारचे गाव जाहीर होते. कोणत्या गावाला मान मिळाला, ही त्या गावात मोठी बातमी असते. आठवड्याच्या मध्यापासून सामानाचे ट्रक येऊ लागतात आणि विद्यापीठाच्या आवारातल्या एखाद्या हिरवळीवर मंच उभा राहतो. तो मुद्दाम असा लावतात की वक्त्यांच्या खांद्यांवरून जमाव दिसावा आणि शक्य तर त्याच्या मागे विद्यापीठाची एखादी ओळखीची इमारतही. मुले रात्रीच रांगा लावतात. पहाटे कठडे उघडले की पुढची जागा धरायला पळापळ होते. पुढे उभा राहिलेला मुलगा देशभर दिसणार असतो.

त्यांच्या हातांत पुठ्ठ्याचे फलक असतात. या फलकांवर स्वतंत्र नोंद लिहावी इतकी त्यांची परंपरा समृद्ध आहे. समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाची खोड, खेळाडूच्या नावावर कोटी, स्वतःच्याच आईला निरोप, परीक्षेत नापास झाल्याची कबुली, काहीही चालते. पहारेकरी फलक वाचूनच आत सोडतात. अश्लील मजकूर आणि फुकटची जाहिरात बाहेर ठेवतात. जाणकारांचे विश्लेषण दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही. फलक राहतात.

तीन तासांच्या कार्यक्रमात (२०१३ पूर्वी तो दोनच तासांचा होता) सगळे काही चर्चा नसते. मधे एखाद्या खेळाडूच्या घरच्या परिस्थितीवर हळवा चित्रपट, मैदानात उतरून दाखवलेली एखादी चाल, पथकाचे वाद्यवादन, आणि २००४ पासून एक पाहुणा. पाहुणा त्या गावचा किंवा त्या विद्यापीठाचा नावाजलेला माणूस असतो, गायक, नट, जुना खेळाडू, आणि शेवटी तोही जाणकारांबरोबर बसून दिवसभरातल्या सामन्यांचे विजेते सांगतो. ओहायो स्टेटचा माजी क्वार्टरबॅक कर्क हर्बस्ट्रीट १९९६ पासून मंचावर आहे. डेझमंड हॉवर्ड २००५ मध्ये आला. रीस डेव्हिस २०१५ मध्ये सूत्रधार म्हणून आला, पॅट मॅकाफी २०२२ मध्ये आणि अलाबामाचा निवृत्त प्रशिक्षक निक सेबन २०२४ मध्ये.

या सगळ्यांपेक्षा ज्याच्यामुळे कार्यक्रम घरोघर पोचला तो ली कॉर्सो. जन्म १९३५. लुइव्हिल, इंडियाना आणि नॉर्दर्न इलिनॉय या विद्यापीठांचा प्रशिक्षक म्हणून त्याची कारकीर्द बेताचीच. इंडियानात तर तो दहा वर्षे राहिला आणि जिंकण्यापेक्षा हरला जास्त. पण बोलण्यात तयार. शेजाऱ्याचे मत पटले नाही की हातातली पिवळी पेन्सिल उगारून ‘एवढी घाई नको, मित्रा’ अशा अर्थाचे त्याचे पालुपद ठरलेले. ही पेन्सिल निव्वळ लकब नव्हती; डिक्सन टिकोंडेरोगा या पेन्सिली बनवणाऱ्या कंपनीत तो अधिकारीही होता.

५ ऑक्टोबर १९९६ रोजी ओहायोतील कोलंबस येथे ओहायो स्टेट विरुद्ध पेन स्टेट या सामन्याआधी त्याने तोंडी अंदाज सांगण्याऐवजी ओहायो स्टेटच्या शुभंकराचे भले मोठे मुंडके डोक्यावर चढवले. हा शुभंकर, ब्रूटस, म्हणजे बकआय झाडाचे तपकिरी बी. हरणाच्या डोळ्यासारखे दिसते म्हणून त्या बीचे बकआय हे नाव. एक साठीतला गृहस्थ कोट-टाय घालून बसला आहे आणि कोटाच्या वर गोल गरगरीत बियाचे तोंड हसते आहे, हे दृश्य पाहून जमाव पेटला. ओहायो स्टेटने सामना ३८–७ ने जिंकला आणि प्रथा पडली. त्यानंतर २०२५ पर्यंत कार्यक्रमाचा शेवट हाच असे : बाकीच्यांचे अंदाज झाले की मुख्य सामना उरे, कॉर्सो थोडा वेळ दोन्ही बाजूंना झुलवी, मग टेबलाखालून मुंडके निघे. यजमान संघाचे निघाले तर जल्लोष, पाहुण्यांचे निघाले तर हुर्यो. दोन्हींचा आवाज सारखाच मोठा.

मुंडके घालून माणूस बदलतो, हे सातपुड्याला कोणी सांगायला नको. काठी गावच्या होळीतले बुध्या मोरपिसांचा उंच टोप चढवतात, अंगावर ठिपके काढतात, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधतात. मात्र तुलना इथेच थांबवावी. बुध्याच्या टोपामागे नवस आणि दिवसांची पाळणूक असते. कॉर्सोच्या मुंडक्यामागे फक्त थट्टा होती आणि ती थट्टा आहे हे तो कधी लपवत नसे. २००९ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, बोलणे अडखळू लागले, तरी त्याच वर्षीच्या हंगामात तो मंचावर परतला. पुढची वर्षे शेजारी बसलेला हर्बस्ट्रीट त्याचे अर्धे राहिलेले वाक्य हळूच पुरे करी. नोंदकर्त्याच्या मते या कार्यक्रमातली सर्वांत चांगली गोष्ट हीच, आणि ती कोणी लिहून दिलेली नव्हती. ३० ऑगस्ट २०२५ रोजी, नव्वदी ओलांडलेल्या कॉर्सोने कोलंबसलाच शेवटचे मुंडके घातले : पुन्हा ब्रूटस. ओहायो स्टेटने टेक्ससला १४–७ ने हरवले. मुंडक्याचे ते ४३१ वे भाकीत होते.

कार्यक्रम नेहमी बलाढ्य संघांकडेच जातो, ही तक्रार जुनी आहे आणि बरीचशी खरी आहे; कोलंबसच्या वाट्याला तो सर्वांत जास्त वेळा आला. पण अपवाद घसघशीत आहेत. २००७ मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्सटाउन या लहानशा गावी गेला, जिथे विल्यम्स आणि ॲमहर्स्ट ही शिष्यवृत्तीवर खेळाडू न घेणारी दोन छोटी महाविद्यालये खेळत होती. २०१३ आणि २०१४ मध्ये तो नॉर्थ डकोटातील फार्गो शहराच्या भर पेठेत बसला. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ज्या सामन्यांचे प्रक्षेपणहक्क ईएसपीएनने विकत घेतले, त्यांचीच थोरवी तीन तास गायची, म्हणजे जत्रेत दवंडी पिटणाराच दुकानाचा मालक. फॉक्स वाहिनीने २०१९ मध्ये ‘बिग नून किकऑफ’ हा प्रतिस्पर्धी काढला. तोही आता गावोगाव फिरतो आणि आपल्या वाहिनीचा माल विकतो.

भारतात सामन्याआधीचा कार्यक्रम रुजला तो स्टुडिओतच. दूरदर्शनवर ‘फोर्थ अंपायर’ होता. २००३ च्या विश्वचषकात सेट मॅक्सवरच्या ‘एक्स्ट्रा इनिंग्ज’ने मंदिरा बेदी आणि चारू शर्मा यांना बसवून क्रिकेट न पाहणाऱ्या घरांतही टीव्ही लावायला लावला. पण प्रेक्षक पडद्याच्या या बाजूलाच राहिला. पुढे चारू शर्मा ज्याच्या संस्थापकांपैकी एक होते त्या प्रो कबड्डीने, २६ जुलै २०१४ रोजी वरळीत यू मुंबा आणि जयपूर यांच्या सामन्याने सुरुवात करून, सगळे संघ एका शहरात काही दिवस, मग पुढच्या शहरात असा तांडा चालवला. हा फिरता तांडा गेमडेच्या जवळ जातो. मात्र तिथे फिरत होता तो खेळ, गप्पा नव्हेत.

गप्पांनी फिरावे हे महाराष्ट्रात जमले ते कुस्तीला. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला मैदान म्हणतात आणि खानदेशात दंगल, त्या यात्रेतल्या कुस्त्यांना निवेदक लागतो. शिरोळ तालुक्यातील कोथळीचे शंकरराव पुजारी यांनी हे काम कलेच्या पातळीवर नेले. मल्ल लंगोट कसून लाल मातीत उतरेपर्यंत हलगी कडाडत असते आणि निवेदक ध्वनिक्षेपकावर त्याचा वस्ताद, तालीम, गाव, मागच्या कुस्त्या असा इतिहास सांगत जोड तापवतो. पुढच्या यात्रेला पुढच्या गावी. टेबल नाही, मुंडके नाही, पण गेमडेचा गाभा यात सगळा आहे.

मंचामागच्या गर्दीत एक झेंडा कायम दिसतो : किरमिजी रंगाचा, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा. ऑक्टोबर २००३ मध्ये टेक्ससमधील ऑस्टिन येथे त्या विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने तो पहिल्यांदा नेऊन फडकवला. दोन्ही खेळणाऱ्या संघांशी त्याचा काही संबंध नव्हता. आपल्या आडबाजूच्या पुलमन गावी कार्यक्रम यावा, एवढेच म्हणणे. तेव्हापासून देशभर विखुरलेले माजी विद्यार्थी तो एकमेकांना पोचवत प्रत्येक शनिवारी उभा करतात. पंधरा वर्षांनी, २० ऑक्टोबर २०१८ रोजी, मंच पुलमनला आला. त्या दिवशी आवारात किती किरमिजी झेंडे होते ते मोजणे शक्य नव्हते. वॉशिंग्टन स्टेटने ओरेगनला ३४–२० ने हरवले. पुढच्या शनिवारी झेंडा पुन्हा परक्या गावी, दुसऱ्यांच्या सामन्याआधी, गर्दीत उभा होता.