गंज खरवडावा की राखावा? मेहरौलीच्या लोहस्तंभाचा धडा

घरच्या गॅरेजमधील जुन्या पेटीतून गंजलेला पाना, पटाशी किंवा रंध्याचे पाते बाहेर आले की हात प्रथम पॉलिश पेपरकडे जातो. लाल भुकटी झडते, धातू चकाकतो; पण पावसाळी हवेत तोच लाल थर काही दिवसांत पुन्हा चढतो. असे का होते, हे समजून घेण्यासाठी दिल्लीतील कुतुब संकुलाकडे पाहावे लागते.

तेथील लोहस्तंभ सुमारे 7.2 मीटर उंच, सहा टनांहून अधिक वजनाचा आणि सोळाशे वर्षांचा आहे. त्यावरील लेखातील ‘चंद्र’ म्हणजे गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘कधीही न गंजणारा’ ही स्तंभाची ख्याती मात्र खरी नाही. स्तंभ गंजला आहे, आणि त्याचा गंजच त्याचे रक्षण करीत आला आहे.

कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याची मीमांसा केली. प्राचीन भट्टीत लोणारी कोळशाच्या साहाय्याने लोखंड काढले जाई. त्यात चुनखडी घातली जात नसे. त्यामुळे खनिजातील बराचसा फॉस्फरस लोखंडातच राही. स्तंभात तो सुमारे 0.25 टक्के आहे. आजच्या सामान्य पोलादात तो 0.05 टक्क्यांहूनही कमी ठेवतात, कारण त्याने धातू ठिसूळ होतो. हाच ‘दोष’ स्तंभाला तारक ठरला. ओल आणि कोरडेपणाच्या आवर्तनांतून धातू व गंज यांच्या सीमेवर लोह-फॉस्फेटाचा पातळ, घट्ट पापुद्रा तयार झाला. साधा गंज सच्छिद्र असतो व ओलावा आत जाऊ देतो. हा पापुद्रा त्याला अडवतो.

निसर्गाने शतकानुशतके केलेले हे काम कारखान्यात काही तासांत घडू लागले. थॉमस कॉसलेट यांनी 1906 साली ब्रिटनमध्ये फॉस्फोरिक आम्लाने लोखंडावर संरक्षक थर चढविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक गंजरोधक द्रावणांत आजही हेच आम्ल असते. ते लाल गंजाचे करड्या-काळ्या फॉस्फेटात रूपांतर करते. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचे द्रावण गंज केवळ विरघळवते. मागे उघडा धातू राहतो. म्हणून अशा स्नानानंतर हत्यार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच पूर्ण कोरडे करून तेल लावणे अटळ ठरते. फॉस्फेटाचा थरही सूक्ष्म छिद्रांचा असल्याने त्यालाही तेलाची जोड हवीच.

स्तंभालाही अभय नाही. जमिनीत गाडलेल्या, सतत ओलसर राहिलेल्या भागावर गंजाचे जाड थर व खड्डे आढळले; 1961 साली स्तंभ बाहेर काढून त्यावर उपचार करावे लागले. पाठीमागून हात वळवून स्तंभाला मिठी मारली की इच्छा पूर्ण होते, या समजुतीने असंख्य हातांनी त्याचा मधला पट्टा घासून चकचकीत केला. तेथील संरक्षक पापुद्रा झिजत होता. अखेर 1997 साली स्तंभाभोवती कुंपण उभारले गेले.

चकाकी म्हणजे संरक्षण नव्हे. हत्यारावरील गंज घालविताना काय काढले यापेक्षा पृष्ठावर काय उरले, हेच त्याचे पुढील आयुष्य ठरवते.