गॅसोलीन, भूजल आणि सांता मोनिकाच्या विहिरी

एखाद्या पदार्थास एक नाव मिळाले, की तो पदार्थही एकजिनसी असावा असा समज सहज रूढ होतो. अमेरिकेत ज्यास गॅसोलीन आणि मराठीत पेट्रोल म्हणतात, ते वस्तुतः शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण होय. टाकीत असेपर्यंत हा भेद फारसा जाणवत नाही. परंतु तेच मिश्रण जमिनीत झिरपले, की त्यातील प्रत्येक घटक आपापल्या गुणधर्मानुसार निराळी वाट धरतो. दूषित माती व भूजल यांच्या शुद्धीकरणाचा अमेरिकेतील इतिहास हा बऱ्याच अंशी या गोष्टीची जाणीव उशिरा कशी झाली, याचा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोल-पंपांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांच्या पोलादी टाक्या जमिनीखाली पुरल्या जात, आणि कालांतराने त्या गंजून गळू लागत. 1984 मध्ये अमेरिकी काँग्रेसने या टाक्यांसंबंधी कायदा केला. 1988 मध्ये त्याखालील नियम जाहीर झाले आणि जुन्या टाक्या सुधारण्यास वा बंद करण्यास 1998 च्या डिसेंबरपर्यंत मुदत देण्यात आली. यामुळे गळतीच्या जागा पद्धतशीरपणे तपासल्या जाऊ लागल्या. विंधनछिद्रे घेऊन मातीचे नमुने काढणे, निरनिराळ्या ठिकाणी निरीक्षण-विहिरी खोदून पाण्याच्या पातळीवरून प्रवाहाची दिशा ठरविणे, आणि नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण करणे, असा तपासाचा क्रम असे. त्यातून असे दिसून आले, की गळलेले गॅसोलीन चार रूपांत राहते: मातीच्या रंध्रांत अडकलेला अंश, भूजलावर तरंगणारा थर, पाण्यात विरघळलेला भाग आणि मातीतील हवेत मिसळलेली वाफ.

शुद्धीकरणाच्या पद्धतीही या रूपांनुसार भिन्न झाल्या. दूषित माती खणून नेणे हा उपाय उथळ थरापुरताच शक्य होता. पाणी उपसून शुद्ध करण्याची पद्धत बरीच वापरली गेली. परंतु रंध्रांत अडकलेला अंश पाण्यात सावकाश विरघळत राहत असल्यामुळे उपसा वर्षानुवर्षे चालवावा लागे. मातीतील वाफ पंपाने ओढून घेण्याची पद्धत बाष्पनशील घटकांपुरती अधिक परिणामकारक ठरली. सूक्ष्मजीव हायड्रोकार्बनांचे विघटन करतात, हे क्लॉड झोबेल यांनी 1946 मध्येच विस्ताराने मांडले होते. त्याचा क्षेत्रीय उपयोग रिचर्ड रेमंड यांनी 1972 मध्ये पेन्सिल्व्हेनियातील अँब्लर येथे केला. तेथे नलिकेतून गळलेले गॅसोलीन शक्य तेवढे उपसल्यावर जमिनीतील जीवाणूंना नत्र, स्फुरद व हवा पुरविण्यात आली.

या अनुभवांचा तर्कशुद्ध शेवट 1995 च्या ऑक्टोबरमध्ये दिसतो. लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातील गळतीच्या जागांचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला, की बेन्झीनने दूषित झालेल्या पाण्याचा पट्टा क्वचितच 250 फुटांपलीकडे जातो. जमिनीतील सूक्ष्मजीवच त्यास आवर घालतात. तेव्हा खर्चिक उपसा सर्वत्र न करता निसर्गक्रमावर अधिक भिस्त ठेवावी, असे सुचविण्यात आले. बेन्झीनपुरता हा निष्कर्ष साधार होता. तथापि बेन्झीनविषयीचे अनुमान व्यवहारात गॅसोलीनविषयीचे अनुमान म्हणून स्वीकारले जाण्याचा धोका त्यात होता.

कारण गॅसोलीन तोवर बदलले होते. शिशाच्या संयुगांऐवजी ऑक्टेन वाढविण्यासाठी मेथिल टर्शरी ब्यूटिल ईथर, म्हणजेच एमटीबीई, 1979 पासून वापरात आले. 1990 च्या शुद्ध-हवा कायद्यातील दुरुस्तीने धुरकट हवेच्या शहरांत प्राणवायुयुक्त इंधन आवश्यक केले, आणि त्याचे प्रमाण पुष्कळ वाढले. एक लिटर पाण्यात बेन्झीन जेमतेम दोन ग्रॅमपर्यंत विरघळते. एमटीबीई मात्र चाळीस ग्रॅमहून अधिक. ते मातीच्या कणांना फारसे चिकटत नाही आणि सूक्ष्मजीवांकडून सहजी विघटित होत नाही. हवेच्या हितासाठी योजलेला घटक पाण्याच्या दृष्टीने सर्वांत चपळ ठरला.

त्याच 1995 मध्ये सांता मोनिका शहराच्या विहिरींत एमटीबीई आढळले. चार्नॉक येथील विहिरींत ते एक अब्ज भाग पाण्यात 610 भागांपर्यंत पोचले. 2000 मध्ये कॅलिफोर्नियाने पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेली मर्यादा 13 भागांची आहे, हे येथे लक्षात घ्यावे. 1996 मध्ये विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचा सुमारे निम्मा पाणीपुरवठा गेला आणि बाहेरून पाणी विकत घ्यावे लागले. भोवतालच्या पंपांचा व इंधननलिकांचा तपास, तेलकंपन्यांशी वाद आणि शुद्धीकरणकेंद्राची उभारणी यांत वर्षे लोटली. कार्बन-गाळणीतून गेलेले चार्नॉकचे पाणी शहरास पुन्हा मिळू लागले ते 2010-11 च्या सुमारास.

1999 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी एमटीबीई टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. लांबलेली मुदत 2003 च्या अखेरीस संपली. त्याच 1999 मध्ये एमटीबीईवर जगणाऱ्या पीएम-1 या जीवाणूचे संशोधन प्रसिद्ध झाले. निसर्गक्रम सर्वथा असमर्थ होता असे म्हणता येत नाही, हे यावरून दिसते. मात्र तो सर्व घटकांस सारखाच लागू पडेल, हे गृहीत धरणे चुकीचे होते.

एमटीबीईची जागा पुढे इथेनॉलने घेतली. ते सूक्ष्मजीवांना सुलभ असल्यामुळे प्रथम त्याचेच विघटन होते, त्यात भूजलातील प्राणवायू खर्ची पडतो, आणि परिणामी बेन्झीनचा पट्टा लांबण्याचा संभव निर्माण होतो. म्हणजे 250 फुटांचे ते अनुमानही ज्या मिश्रणावरून काढले गेले, त्या मिश्रणापुरतेच खरे राहते. नाव तेच राहिले. वस्तू मात्र पुन्हा बदलली. म्हणून दूषित जागेच्या तपासात ‘गॅसोलीन सांडले’ एवढ्यावर न थांबता कोणत्या काळाचे आणि कोणत्या घटकांचे गॅसोलीन सांडले, हा प्रश्न प्रथम विचारणे आवश्यक ठरते.